दोन दांड्यांमधली पिन

माझं गॅरेज पौडच्या पुढे, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. पत्र्याची शेड आहे आणि तिच्यावर पाटी नाही. पाटी लावली की लोक हवा भरायला येतात. मी हवा भरत नाही, पंक्चर काढत नाही, गाडी धूत नाही. मी गिअरबॉक्स उघडतो आणि परत बंद करतो. ज्यांना त्याची गरज आहे ते विचारत विचारत बरोबर येतात, आणि बाकीचे न आलेलेच बरे.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं, धंद्यातले गमतीचे अनुभव लिहा. गमतीचे पुष्कळ आहेत. हिंजवडीचा एक इंजिनिअर गाडीतला आवाज तीन आठवडे मोबाइलवर टिपून, त्याचा तक्ता करून घेऊन आला होता. कोणत्या वेगाला किती, डाव्या वळणाला किती, उजव्याला किती. तक्ता बघून मी हात जोडले आणि सीटखाली गडगडणारी त्याची स्टीलची पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली. लवळ्याच्या कॉलेजातल्या एक प्राध्यापिकाबाई गिअर बदलताना दर वेळी गाडीला ‘सॉरी’ म्हणायच्या, आणि खरं सांगतो, त्यांच्याइतका जपून वापरलेला क्लच मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. असले किस्से मी चहाच्या टपरीवर सांगतो. लिहायला बसलो तेव्हा मात्र हात गेल्या दसऱ्याच्या एकाच गोष्टीकडे वळला, आणि ती मी टपरीवर अजून सांगितलेली नाही.

दशरथमामा आमच्याच भागातले, वय सत्तरीच्या पुढे. धरणाच्या तळ्याकाठी पुण्याच्या एका शेटजींचा बंगला होता, तिथं ते चाळीस वर्षं ड्रायव्हर होते. शेटजींच्या गाड्या येत गेल्या, जात गेल्या, पण एक गेली नाही. लाल, विलायती, दोनच सीटांची, वरून उघडी आणि इतकी बुटकी की खड्ड्यात पोट घासायचं. शेटजींनी जाण्याआधी लिहून ठेवलं होतं, ही गाडी दशरथला द्या. त्यांच्या मुलांनी ती दिली, आणि मामांनी ती नेऊन गोठ्यात शेळ्यांच्या शेजारी उभी केली. मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा बोनेटवर एक करडू निवांत बसलं होतं.

"तिसऱ्यातनं दुसऱ्यात घेतली की लई वरडती," मामा म्हणाले. "अन् चौथा आपसूक सुटतुया."

"किती दिवस असं होतंय?"

"शेटजी व्हते तवापासनं. त्यास्नी ऐकू येत नव्हतं, म्या बी सांगितलं न्हाई."

मग त्यांनी खरं काम सांगितलं, दारात उभ्या असलेल्या हौसामामींकडे न बघता. "हिचं म्हायार घाटाखाली हाय. दसऱ्याचं सोनं द्याया भावाकडं जायचंय. ह्या गाडीतनं."

हौसामामी त्या गाडीत कधी बसल्या नव्हत्या. चाळीस वर्षं ती गाडी त्यांच्या दारावरून गेली. दुसरी सीट शेटजींची, नाहीतर बाईसाहेबांची. ड्रायव्हरच्या बायकोनं मालकाच्या गाडीत बसायचं नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगावंही लागलं नव्हतं.

"एक डाव लई ऊन व्हतं," मामी म्हणाल्या. "मी बाजार घिऊन चालत येत व्हते. ह्ये एकलंच व्हते गाडीत. माज्या म्होरं थांबले, पानी पाजलं, अन् गेले. बस म्हनाले न्हाईत."

मामा शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं. मी म्हटलं, दसऱ्याला गाडी देतो, मामी, शब्द आहे माझा.

आता गिअरबॉक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका लोखंडी पेटीत दातेरी चाकांच्या जोड्या असतात, आणि त्या कायम एकमेकींत अडकून फिरत असतात. तुम्ही लिव्हर हलवता तेव्हा इंजिनाचा जोर कोणत्या जोडीनं चाकांकडे न्यायचा एवढंच ठरतं. फिरणारी दोन चाकं जोडायची तर आधी त्यांचा वेग सारखा व्हावा लागतो, त्यासाठी मध्ये पितळी कडी असते. ती घासून गुळगुळीत झाली की गिअर ओरडतो. मामांच्या गाडीच्या दोन कड्यांना नखाला लागेल एवढीही धार उरली नव्हती. त्या परदेशातून मागवल्या. खालच्या दांडीवर सुईसारखे बारीक रूळ असतात, ते एकेक करून ग्रीसमध्ये चिकटवून बसवायचे आणि ते पडू नयेत म्हणून आत एक खोटी लाकडी दांडी घालून ठेवायची. ती दांडी मी स्वतः बाभळीची घडवली आहे. खरी दांडी सरकवत नेली की खोटी पलीकडून बाहेर येते. हे जमलं की माणसाला उगाचच आपण कोणीतरी आहोत असं वाटतं.

पेटीवर झाकण असतं. झाकणात दोन दांड्या शेजारी शेजारी सरकतात. एक पहिला-दुसरा गिअर टाकते, दुसरी तिसरा-चौथा. या दोन दांड्यांच्या मधल्या भोकात एक पिन असते, तुरीच्या दाण्याएवढी जाड आणि त्याहून जरा लांब. एक दांडी हलली की पिन दुसरीच्या खाचेत शिरते आणि तिला जागच्या जागी कुलूप लावते. एका वेळी एकच गिअर लागावा, एवढंच त्या पिनेचं काम.

ती नसली तरी गाडी चालते. दहा किलोमीटर चालेल, कदाचित शंभरही चालेल. पण लिव्हरचं टोक झिजलेलं असेल आणि घाईनं गिअर बदलला, तर ते टोक दोन्ही दांड्यांना एकदम धरतं आणि दोन गिअर एकदम लागतात. म्हणजे एकाच चाकाला एकाच वेळी दोन वेगांनी फिर म्हणायचं. ते फिरू शकत नाही, अडकून बसतं, आणि मागची दोन्ही चाकं जाम होतात. गाडी मात्र थांबत नाही. क्लच दाबून उपयोग नसतो. मामांच्या गाडीच्या लिव्हरचं टोक घासून गोल झालं होतं. नवं मिळालं नाही, म्हणून मी जुनंच ठेवलं, कारण पिन असल्यावर त्यानं काही बिघडत नाही.

माझे वडील मेंढरं राखायचे. संध्याकाळी ते कुंपणाच्या तोंडाशी उभे राहायचे आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मेंढराकडे नुसते बघायचे. मोजायचे नाहीत. कोण आलेलं नाही ते त्यांना तोंडावरून कळायचं. माझ्याकडे ती नजर नाही, म्हणून मी वाट्यांची पद्धत काढली. जेवणाचं मोठं ताट, त्यात स्टीलच्या वाट्या, एका वाटीत एका जागेचेच भाग. जोडताना वाटी रिकामी होत जाते. वाटीत नाही ते पेटीत आहे, हा माझा नियम. तीस वर्षं या नियमावर मी गाड्या बाहेर सोडल्या. कुणी विचारलं की मी हा नियम मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाने, हातोड्या, पुलर, सगळं पुसून मांडायचं, हळद-कुंकू, अक्षता, झेंडू. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. मामांची पेटी तोवर खालून जोडून झाली होती. झाकण तेवढं बाकी होतं आणि त्याचे भाग वाट्यांत होते. मामा आणि मामी नारळ घेऊन आले. मामा म्हणाले, "आप्पा, गाडीचं बी काय तरी ठेव की पूजंत." मी झाकण आणि ताट हत्यारांच्या शेजारी ठेवलं. माझ्या बायकोनं, सुनंदानं, प्रत्येक वाटीत हळद-कुंकू आणि चार अक्षता टाकल्या. मामींनी वाकून नमस्कार केला. मला ते आवडलं. वाट्यांची पूजा म्हणजे माझ्या नियमाचीच पूजा, असलं काहीतरी डोक्यात आलं.

दसऱ्याला सकाळी हत्यारं उठवली आणि झाकण जोडायला घेतलं. वाट्यांत तांदूळ होते. एक दाणा आत गेला तर घाण होईल, म्हणून मी वाटीतला मोठा भाग हातात घ्यायचो आणि वाटी पूजेच्या फुलांवर उपडी करून झटकायचो. एकेक करत सगळ्या वाट्या मीच झटकल्या. पहिली दांडी बसवली. तेवढ्यात बाहेर कंपनीच्या कॅबचा ड्रायव्हर आला, गाडीपुढे नारळ फोडायचा होता आणि दगड सापडत नव्हता. उठलो, त्याला दगड दिला, प्रसादाचा तुकडा खाल्ला, परत आलो. पिनेची वाटी बघितली. रिकामी होती. म्हणजे पिन घातली. दुसरी दांडी सरकवली आणि झाकण बंद केलं.

दुपारी गाडी फिरवून आणली. दुसरा गिअर लोण्यासारखा लागत होता. मामांना बोलावलं, शेजारी बसवलं आणि सांगितलं, "मामा, तुम्हाला सवय आहे मधे थांबून, जरा दम खाऊन गिअर टाकायची. आता गरज नाही. बिनधास्त टाका, कितीही घाई करा."

"खरं?" मामांनी झटकन गिअर टाकून बघितला आणि लहान मुलासारखे हसले. माझी छाती फुगली, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला लाल गाडी गॅरेजवरून गेली. मामींनी हिरवं नऊवारी नेसलं होतं, डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता आणि मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी होती. मामांनी हॉर्न दिला. मामी समोर बघत बसल्या होत्या, ताठ, हसू दाबून.

साडेआठला सुनंदा पूजेचं निर्माल्य उचलत होती. फुलं परडीत टाकताना फरशीवर टिंग असा आवाज झाला.

"अहो, हे काय तुमचं?"

तिच्या तळहातावर पिन होती, हळद लागून पिवळी झालेली.

मला आधी काहीच वाटलं नाही. आपली दुसरी एखादी असेल, असंही मन म्हणालं. मग वाटीत तांदूळ होते आणि ते मी झटकले, हे आठवलं. सुनंदा विचारत होती काय झालं, काय झालं. मी तिला म्हटलं, मामींना मी मारलं बहुतेक. तसंच म्हणालो.

मामांचा फोन लावला. बंद. तळ्याच्या पुढे रेंज नसतेच, आणि असली तरी मामा फोन बंद करून खिशात ठेवतात, बॅटरी संपेल म्हणून. मोटरसायकलवर पिशवी टाकली, तिच्यात पाने, हातोडी, ग्रीस, ऑइलचा डबा. पिन शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाला सेफ्टी पिन लावून घेतली. निघालो.

रस्ताभर मी एकच हिशोब करत होतो. सपाटीला मामा चौथ्यात राहतील, गिअर बदलायचा प्रश्न नाही. चढाला बदलतील, पण चढाला चाकं जाम झाली तर गाडी थांबेल, इतकंच. खरी भीती उताराची. घाट सुरू झाला की तिसऱ्यातून दुसऱ्यात, वळण संपलं की परत तिसऱ्यात, आणि एका बाजूला दरी. मामांची मधे थांबायची जुनी सवय त्यांना वाचवू शकली असती. ती काल मीच सोडवली होती.

तळ्याच्या वळणावर एक बाई शेळ्या घेऊन रस्ता ओलांडत होती. विचारलं, "लाल गाडी गेली का, बुटकी?"

"गेली की. तळ्याकाठी थांबली व्हती, अर्दा तास बी झाला न्हाई अजून. म्हातारी लई नटलीया." तिनं शेळ्या बाजूला घ्यायला वेळ लावला आणि मी ओरडलो तिच्यावर. ती शिव्या देत राहिली आणि ते बरोबरच होतं.

घाटाच्या तोंडाशी पोचलो तर एका वळणावर पंधरावीस माणसं कठड्याला टेकून खाली बघत होती. रस्त्यावर टायरचे दोन काळे पट्टे होते, कठड्याच्या दिशेनं गेलेले. मी मोटरसायकल तशीच आडवी टाकली. गर्दीत घुसलो आणि खाली वाकलो. खाली धबधबा होता. माणसं धबधबा बघत होती. एक जण मला म्हणाला, "काका, जरा साइडला व्हाल का, व्हिडिओ चालू आहे." पट्टे कुठल्या तरी जुन्या ट्रकचे होते. मी परत आलो आणि गाडी उचलायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

उतार लागल्यावर तिसऱ्या वळणानंतर ती दिसली. लाल, हळू चाललेली, दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत. मी हॉर्नवर अंगठा नेला आणि तसाच थांबलो.

हॉर्न दिला तर मामा दचकणार. दचकले की ब्रेक मारणार आणि घाईनं गिअर बदलणार. नेमकं तेच व्हायला नको होतं. पुढं जाऊन हात केला तरी तेच. मी मागं राहिलो आणि वाट बघितली. वळण, मग जरा सरळ रस्ता, आणि समोरून काही येत नव्हतं. तेवढ्यात मी त्यांच्या बरोबरीला गेलो, मामींच्या बाजूनं. उघडी गाडी होती म्हणून बोलता तरी आलं.

मामींनी मला बघितलं आणि हात हलवला. त्यांना वाटलं मी सोडायला आलो.

"मामा," मी म्हणालो, होईल तितक्या सावकाश, "गिअरला हात लावू नका. हाय त्याच गिअरात ऱ्हावा."

"आं?" मामांना वाऱ्यात ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि सरळ रस्ता बघून डावा हात लिव्हरवर ठेवला. तिसरा टाकणार होते.

"मामी! त्यांचा हात धरा!"

हौसामामींनी का म्हणून विचारलं नाही. त्यांनी आपट्याची पिशवी सोडली आणि दोन्ही हातांनी मामांचा हात लिव्हरवर जसा होता तसा दाबून धरला. "हलवू नगा," त्या म्हणाल्या. "आप्पा काय तरी सांगतुया."

आपट्याची पानं वाऱ्यानं उडून माझ्या तोंडावर आली. मी एकेक शब्द सांगत गेलो. क्लच दाबा. आता ब्रेक, हळू. अजून हळू. गिअर तसाच. गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. चावी बंद करा. गाडी थांबली. मी उतरलो, मोठा दगड उचलून पुढच्या चाकापुढे घातला आणि मग त्या दगडावरच बसलो.

मामा उतरले. "काय झालं? आग लागली का?"

थाप मारायची सोय होती. ऑइलचा बोल्ट सैल राहिला, बघून घेतो, असं म्हणता आलं असतं. मामांना कळलं नसतं. झाकण उघडलं असतं, पिन घातली असती, हात पुसले असते. सगळं डोक्यात तयार होतं. मग मामींकडे बघितलं. त्यांनी अजून लिव्हर धरून ठेवलेली होती, मोकळ्या गाडीत, गाडी थांबल्यावरही. मला थाप सुचली होती ती सुचेनाशी झाली.

मी खिशाची सेफ्टी पिन काढली आणि ती पिवळी पिन मामांच्या हातावर ठेवली. काय ते सगळं सांगितलं. पूजा, तांदूळ, वाटी. गिअर अडकला असता तर काय झालं असतं, तेही सांगितलं.

मामांनी पिन बोटांत फिरवून बघितली. "चूक कुनाची?"

"माझी."

"पूजंत ठेव म्हनून म्या सांगितलं व्हतं."

"वाट्या मी झटकल्या, मामा. माझी."

त्यांनी पिन माझ्या हातात परत ठेवली. चाळीस वर्षांत शेटजींना त्यांनी एकदाही रस्त्यावर उभं केलं नव्हतं, हे ते सगळ्यांना सांगायचे. आणि बायकोला पहिल्यांदा बसवलं तर घाटात, दगडाला टेकून.

या जुन्या गाड्यांचं एक बरं असतं. गिअरबॉक्सचं झाकण आतूनच उघडता येतं. दोन्ही सीटा बाहेर काढल्या, मधलं पुठ्ठ्याचं आवरण काढलं, बोल्ट खोलले आणि झाकण लिव्हरसकट वर उचललं. तोवर माकडं जमली होती. एक मोठा हुप्प्या पिशवीकडे टक लावून बसला होता. झाकणात प्रत्येक दांडीखाली स्प्रिंग आणि छोटी गोळी असते. ती उडाली की गेली.

"ती पिन हिकडं दे," मामी म्हणाल्या. त्यांनी ती मुठीत धरली, गोळ्या आणि स्प्रिंगा पदरात बांधल्या आणि माकडाकडे तोंड करून बसल्या. हिंजवडीहून फिरायला आलेली एक गाडी थांबली. तिच्यातली पोरं उतरून लाल गाडीजवळ फोटो काढू लागली. "अंकल, व्हॉट अ ब्यूटी! कितने का मॉडेल है?" मामींनी न उठता त्यांना सांगितलं, "लांब व्हा. हितं काम चाललंय." ती लांब झाली, माकडही झालं.

दांडी मागं सरकवली. भोक समोर आलं. रिकामं होतं. मला आतून कुठंतरी अजून आशा होती की त्यात पिन असेल आणि हातातली दुसरीच निघेल. नव्हती.

"मामी, पिन."

त्यांनी मूठ उघडली. मी पिन पुसली, ग्रीस लावलं, भोकात घातली. मग मामींना म्हटलं, या, बघा. त्या वाकून बघून गेल्या. मामांनाही बघायला लावलं. दांडी सरकवली आणि एक दांडी पुढं ढकलून दुसरी हलवायला गेलो. हलली नाही. कुलूप लागलं होतं. तेल गळू नये म्हणून झाकणाखाली घातलेला कागद फाटला होता. मामींच्या पिशवीत भाच्याच्या लग्नाची पत्रिका होती, जाड कागदाची. ती झाकणावर धरून कडेनं हातोडीनं ठोकत नेली की हवा तसा आकार कापून निघतो. बोल्ट आवळले, सीटा बसवल्या. दोन तास गेले. माझा शर्ट घामानं पिळून निघाला होता.

"झालं, मामा. आता निघा."

मामी बसायला पुढं झाल्या. मामांनी हात आडवा केला.

"ती न्हाई. आदी तू बस."

मी बसलो. मामांनी दगड काढायला लावला तो हिंजवडीच्या एका पोराला. मामी रस्त्याकडेला उभ्या राहिल्या आणि आम्ही खाली निघालो.

मामांनी त्या दिवशी जशी गाडी चालवली तशी चाळीस वर्षांत चालवली नसेल. तिसऱ्यातून दुसऱ्यात, खटकन, मधे न थांबता. लगेच परत तिसऱ्यात. वळणाच्या तोंडाशी दुसऱ्यात, वळणाच्या पोटात तिसऱ्यात. लिव्हर तिरकी ओढली, आडवी ढकलली, दोन दांड्यांच्या मधेच दाबून धरली. जे करू नये म्हणून मी दोन तासांपूर्वी ओरडत होतो, तेच सगळं, मुद्दाम, आणि एकदाही माझ्याकडे न बघता. माझ्या बाजूला दरी होती. पिन आत गेलेली मी डोळ्यांनी बघितली होती. तिघांनी बघितली होती. तरी दर खटक्याला माझे पाय आपोआप फळीवर दाबले जायचे, आणि डोक्यात एकच यायचं की कालही माझी खात्रीच होती. मी दाराची कड धरून ठेवली होती. मामी सकाळी याच सीटवर हसू दाबून बसल्या होत्या.

चार वळणं खाली जाऊन मामांनी गाडी वळवली आणि वर आणली. सगळं नीट होतं. एकदाही अडकलं नाही. मी दगड परत चाकाखाली घातला.

मामी जवळ आल्या. त्यांनी गाडीकडे बघितलं नाही, मामांकडेही नाही. माझं तोंड बघत उभ्या राहिल्या.

"भ्या वाटलं का रं?"

"वाटलं, मामी."

"किती?"

"लई."

"मग आता न्हाई इसरायचास," त्या म्हणाल्या. डोक्याचा रुमाल पुन्हा घट्ट बांधला, साडी सावरली आणि मी उठलो होतो त्या सीटवर बसल्या. "चला," मामांना म्हणाल्या, "भाऊ वाट बघत आसंल."

मी चाकाखालचा दगड काढला आणि बाजूला झालो.